पाहुण्यांच्या खोल्यांना रंग देताना : आधी भिंत पाहा, मग शेड कार्ड



चंद्रपूर आणि गडचिरोली हे धानाचे आणि जंगलाचे जिल्हे. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले, अंधारी अभयारण्य १९८६ साली झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. २०१० मध्ये बफर क्षेत्र जाहीर झाल्यावर मोहर्ली, कोलारा, नवेगाव या प्रवेशद्वारांच्या आसपासच्या गावांत पर्यटकांची वर्दळ वाढली. गडचिरोलीकडे मार्कंडा देवस्थान, हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्प, कमलापूरचा हत्ती कॅम्प पाहण्यासाठी लोक येतात. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यामुळे आपल्या राहत्या घराला लागून दोन-चार खोल्या बांधून पाहुण्यांची सोय करणे हा धानशेतीला जोड देणारा व्यवसाय ठरू लागला आहे.

खोल्या बांधून झाल्या की शेवटचे काम उरते ते रंगाचे. बहुतेक ठिकाणी ते घाईने उरकले जाते. दुकानात जायचे, शेड कार्ड उघडायचे आणि डोळ्यांना भावेल त्या रंगाचा डबा आणायचा. जंगलाजवळची खोली म्हणून गडद हिरवा, शोभा यावी म्हणून भगवा किंवा जांभळा. पहिला पावसाळा सरतो, भिंतींचे पोपडे सुटतात, खालच्या बाजूला खार फुटतो आणि उन्हाळ्यात रात्री अकरानंतरही खोली तापलेलीच राहते. धान विकून किंवा कर्ज काढून उभारलेल्या खोलीतून पाहुणा एका रात्रीत निघून गेला, तर नुकसान डब्याच्या किमतीपुरते राहत नाही. म्हणून रंगाची निवड शेवटी न करता खोलीचा आराखडा ठरतानाच करावी. ती कशी करावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

१) पाहुणा खोलीत केव्हा असतो?

वाण निवडताना आपण आधी जमीन आणि पाणी पाहतो. तसेच येथे आधी खोलीचा वापर पाहावा. जंगल सफारीला आलेला पाहुणा पहाटे, अंधार असतानाच उठतो. दिव्याच्या उजेडात तयार होतो आणि बाहेर पडतो. धुळीने माखून तो सकाळी दहा-अकराच्या सुमारास परत येतो, जेवतो आणि दुपारच्या फेरीपर्यंत झोपतो. म्हणजे ज्या वेळी आपल्या भागात ऊन सर्वांत कडक असते, नेमक्या त्याच वेळी त्याला खोलीत झोप हवी असते. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूरचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणे नवीन नाही.

यावरून खोलीच्या रंगाकडून तीन अपेक्षा ठरतात. पहिली, बाहेरचे ऊन भिंतीत व छतात कमीत कमी शोषले जावे. दुसरी, दुपारी खोलीत डोळ्यांवर चमक येऊ नये, पण पहाटे एका साध्या दिव्यात सर्व काही नीट दिसावे. तिसरी, धुळीचे हात, बॅगा आणि खुर्चीच्या पाठी लागूनही भिंत लवकर मळकट दिसू नये.

२) बाहेरचा रंग उष्णतेसाठी, आतला रंग उजेडासाठी

फिकट रंग दिला की खोली थंड होते, असे सर्रास म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. ऊन पडते ते छतावर आणि बाहेरच्या भिंतींवर. म्हणून खोली कमी तापावी असे वाटत असेल तर फिकट रंग बाहेरून दिला पाहिजे. आतून पांढरा रंग दिल्याने तापलेली भिंत थंड होत नाही. आतला रंग फक्त उजेड वाढवतो किंवा कमी करतो.

निरनिराळे रंग त्यांच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी किती प्रकाश परत फेकतात, याचे साधारण प्रमाण पुढीलप्रमाणे असते.

ताजा पांढरा चुना : ७५ ते ८० टक्के
मलईसारखा किंवा फिकट पिवळा : ६० ते ७० टक्के
फिकट निळा, फिकट हिरवा : ५० ते ६० टक्के
गेरूचा लाल : १५ ते २५ टक्के
गडद हिरवा, गडद तपकिरी : ५ ते १५ टक्के

गडद हिरव्या रंगाची खोली दिवसाही अंधारी का वाटते आणि तेथे दुप्पट दिवे का लावावे लागतात, हे यावरून लक्षात येईल.

सर्वांत जास्त ऊन छत घेते. त्यामुळे रंगासाठी ठेवलेल्या पैशांतील पहिला वाटा छताला द्यावा. स्लॅब असेल तर फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये तो झाडून, धुऊन त्यावर चुन्याचे दोन-तीन हात द्यावेत. पावसाने चुना धुऊन जातो, म्हणून हे काम दरवर्षी करावे लागते. पण खर्च थोडा असतो. टिनाच्या पत्र्यावर चुना नीट धरत नाही. तेथे पत्र्यासाठी मिळणारा पांढरा परावर्तक रंग वापरावा. कवेलूच्या छताला रंगाची गरज नसते. कवेलू फेरून घेणे आणि खाली बांबूच्या तट्ट्यांचे आढे करणे पुरेसे असते.

पांढऱ्या छताचा उपयोग आता शहरांनीही मान्य केला आहे. अहमदाबाद शहरात २०१७ साली गरीब वस्त्यांतील छते पांढरी करण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. अशा छतांमुळे घरातील तापमान २ ते ५ अंशांनी कमी राहू शकते, असे त्या कामात सांगितले गेले. सिरोंच्यापलीकडे प्राणहिता-गोदावरी ओलांडली की लागणाऱ्या तेलंगण राज्याने तर २०२३ साली थंड छतांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले.

छतानंतर पश्चिमेची भिंत. दुपारनंतरचे ऊन तिच्यावर पडते, ती रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते आणि पाहुण्याची झोप मोडते. ही भिंत बाहेरून पांढरी किंवा फिकट पिवळ्या मातीच्या रंगाची असावी. शक्य असेल तर तिच्या बाहेर बांबूचा मांडव करून वेल चढवावा.

३) भिंतीतील ओल ओळखा

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत दरवर्षी साधारणपणे १२०० ते १५०० मि.मी. पाऊस पडतो. बांधीत पाणी साचलेले असते आणि घराच्या जोत्यालाही ओल लागते. ओल्या भिंतीवर लावलेला कोणताही रंग टिकत नाही, मग तो कितीही महाग असो.

ओल तपासण्याची सोपी पद्धत अशी आहे. एक फूट लांब व एक फूट रुंद असा प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा घ्यावा. तो भिंतीवर जमिनीपासून एक फूट उंचीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा. २४ तासांनी पाहावे. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब दिसले तर भिंतीतून ओल येत आहे असे समजावे. अशा वेळी रंगकाम थांबवावे. आधी पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर न्यावे, छताची गळती बंद करावी आणि न्हाणीघराच्या नळाची जोडणी तपासावी. भिंतीवर पांढरा खार फुटला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडून काढावा. पाण्याने धुतल्यास खार पुन्हा भिंतीत मुरतो.

नवीन सिमेंट प्लास्टरला पाणी मारून झाल्यावर किमान एक महिना वाळू द्यावे. ओलसर हवेत तीन महिनेही लागू शकतात.

४) कोणत्या भिंतीला कोणता रंग?

मातीची किंवा कुडाची भिंत : अशा भिंतीतून ओल आत-बाहेर जात असते. तिच्यावर ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक पेंट लावला तर वाट बंद होते, ओल आतच कोंडते आणि भिंत आतून पोखरली जाते. बाहेरून चकचकीत दिसणारी वडिलार्जित भिंत दोन-तीन पावसाळ्यांत ढासळू शकते. तेथे शेणमातीचे सारवण, पांढरी माती किंवा चुना हेच योग्य होय.

विटांची, चुन्याच्या किंवा सिमेंटच्या प्लास्टरची भिंत : बाहेरून चुना किंवा सिमेंट पेंट चालतो. आतून चुना किंवा साधे डिस्टेंपर द्यावे. भिंत पूर्ण कोरडी असल्याची खात्री असेल तरच प्लॅस्टिक पेंटचा विचार करावा. खादी व ग्रामोद्योग आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये शेणापासून तयार केलेला प्राकृतिक पेंट बाजारात आणला आहे. तो डिस्टेंपर आणि इमल्शन अशा दोन्ही प्रकारांत मिळतो.

एका थरावर दुसरा थर देताना काळजी घ्यावी. जुन्या ऑइल पेंटवर चुना धरत नाही. जुन्या सुट्या चुन्यावर डिस्टेंपर लावल्यास दोन्हींचे पोपडे एकत्र सुटतात. म्हणून जुना थर खरवडून, भिंत झाडून, योग्य प्रायमर देऊनच नवा थर द्यावा. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याचा संभव असतो. तो कोरडा घासू नये. पाणी शिंपडून, तोंडाला फडके बांधून खरवडावा आणि लहान मुलांना दूर ठेवावे. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम २०१६ साली झाला आहे. नवा डबा घेताना त्यावरील तसा उल्लेख पाहावा.

५) चुना घरी कसा तयार करावा?

साहित्य : चांगल्या प्रतीचा कळीचा चुना १० किलो, पाणी ५० लिटर, डिंक २०० ग्रॅम, नीळ जास्तीत जास्त ३० ग्रॅम.

लोखंडी टाकीत किंवा जमिनीतील पक्क्या हौदात आधी पाणी घ्यावे आणि त्यात चुन्याच्या कळ्या थोड्या थोड्या सोडाव्यात. चुन्यावर एकदम पाणी ओतू नये. तो उकळून अंगावर उडतो. प्लॅस्टिकची बादली वापरू नये. डोळ्यांना चष्मा व हातांत रबरी मोजे असावेत. डोळ्यांत चुना गेल्यास बराच वेळ भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच दवाखान्यात जावे.

विरलेला चुना २४ तास तसाच ठेवावा. नंतर जाड कापडातून गाळावा. गरम पाण्यात विरघळवलेला डिंक व नीळ त्यात मिसळावी. रंगीत चुना हवा असल्यास नीळ घालू नये. त्याऐवजी पिवळी माती किंवा गेरू घालावा. सुरुवातीला १० किलो चुन्यास २५० ग्रॅम माती घालून नमुना पाहावा. चुन्यात मिसळलेला रंग ओला असताना गडद व वाळल्यावर बराच फिकट दिसतो, म्हणून वाळल्याशिवाय प्रमाण वाढवू नये. एका खोलीला लागणारे सर्व मिश्रण एकाच वेळी करावे. दुसऱ्यांदा केलेले मिश्रण हुबेहूब जुळत नाही.

भिंतीवर आधी पाणी शिंपडावे. चुना दुधाइतका पातळ ठेवून नव्या भिंतीला तीन हात द्यावेत. प्रत्येक हात वाळल्यावरच दुसरा द्यावा. जाड थर दिला तर तो तडकतो आणि कपड्याला लागतो. पाहुण्याच्या कपड्याला चुना लागला तर खोली कितीही चांगली असली तरी नाव खराब होते.

६) दिशा पाहून छटा ठरवा

उत्तरेची खोली : येथे थेट ऊन येत नाही, उजेड थंड व निळसर असतो. पांढऱ्यात थोडी पिवळी माती मिसळलेला मलईसारखा रंग द्यावा. निळा रंग दिल्यास खोली उदास वाटते.

पश्चिमेची खोली : संध्याकाळचा उजेड तांबूस असतो. येथे पिवळा किंवा भगवा रंग अधिकच भडक दिसतो. किंचित निळीची झाक असलेला पांढरा किंवा अगदी फिकट हिरवा रंग द्यावा.

पूर्व व दक्षिण : फिकट मलई किंवा पांढऱ्याला जवळचा कोणताही रंग चालतो. मात्र खिडकीसमोरची भिंत शुभ्र पांढरी ठेवू नये. दुपारी झोपलेल्या पाहुण्याच्या डोळ्यांवर तिची चमक येते.

छत आतून नेहमी पांढरेच ठेवावे. त्यामुळे पहाटे एकाच दिव्याचा उजेड खोलीभर पसरतो. भिंतीचा रंग चकाकी नसलेला असावा. चकाकीमुळे प्लास्टरचा प्रत्येक उंचवटा दिसतो.

खालचा पट्टा : आपल्या जुन्या घरांत भिंतीच्या खालच्या भागाला गेरूचा पट्टा देण्याची पद्धत आहे. ती विचारपूर्वक पडलेली आहे. आतून तीन फूट आणि बाहेरून दोन फूट उंचीचा गेरूचा पट्टा दिल्यास धूळ, बॅगांचे घासणे आणि पावसाच्या चिखलाचे शिंतोडे लपतात. पट्टा पुसता यावा म्हणून अनेक जण तेथे ऑइल पेंट लावतात. परंतु ओल जमिनीतूनच चढत असते. ऑइल पेंटने तिची वाट अडली की ती पट्ट्याच्या वर जाऊन फुटते. म्हणून जोते ओलसर असेल तर पट्टाही चुना व गेरूचाच असावा.

दारे सागवानाची व खाट-खुर्च्या बांबूच्या असतील तर त्यांचा पिवळसर तपकिरी रंग मलई, पांढरा व गेरू यांच्याशी चांगला जुळतो. बांबूच्या वस्तूंसाठी चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात माहिती मिळू शकते. भिंतीवर चित्रे काढायची असतील तर ती आपल्याच भागातील हातांकडून काढून घ्यावीत. वारली चित्रे सुंदर असली तरी ती ठाणे-पालघरकडची आहेत; गडचिरोलीला आलेला पाहुणा ती पाहण्यासाठी येत नाही.

७) आधी नमुना, नंतर डबा

शेड कार्डावरील लहानशी छटा चार भिंतींवर गेली की बरीच गडद वाटते. म्हणून आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकट छटा निवडावी. तिचा लहान डबा आणून दोन समोरासमोरच्या भिंतींवर दोन फूट चौरस नमुना लावावा. तो सकाळी सात वाजता, दुपारी बारा वाजता, संध्याकाळी पाच वाजता आणि रात्री दिव्यात असा चार वेळा पाहावा. दिवा जो कायम लावायचा आहे तोच लावून पाहावा. पिवळसर व पांढऱ्याशुभ्र एलईडी दिव्यात एकच रंग वेगवेगळा दिसतो.

रंग किती लागेल याचा हिशोब आधी करावा. समजा खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच आहे. चारही भिंतींचे क्षेत्र ४४ × १० = ४४० चौ. फूट. दार २१ चौ. फूट व दोन खिडक्या २४ चौ. फूट वजा केल्यास ३९५ चौ. फूट राहतात. डब्यावर एका लिटरमध्ये दोन हातांसाठी ६० चौ. फूट असे लिहिले असेल तर ३९५ ÷ ६० = सुमारे ६.६ लिटर. दहा टक्के वाढवून सव्वासात लिटर धरावे. उरलेला रंग डाग झाकण्यासाठी जपून ठेवावा आणि छटेचा क्रमांक किंवा चुन्या-मातीचे प्रमाण वहीत लिहून ठेवावे.

८) रंगकामाचे वेळापत्रक

ताडोबाचे गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात पर्यटकांसाठी बंद असते. खोल्या रिकाम्या असतात, म्हणून याच काळात रंग उरकून घ्यावा असे वाटते. परंतु भिंती त्या वेळी सर्वाधिक ओल्या असतात. या दिवसांत रंग न लावता खाटा, तट्ट्या, दारे यांची डागडुजी करावी.

ऑक्टोबर : भिंती वाळू द्याव्यात, प्लॅस्टिकच्या तुकड्याने ओल तपासावी. बुरशीचे डाग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन भिंत वाळवावी.

नोव्हेंबर ते जानेवारी : धानाची कापणी व मळणी सांभाळून आतील रंगकाम करावे. एका वेळी एकच खोली घ्यावी, म्हणजे उत्पन्न पूर्ण थांबत नाही. शनिवार-रविवार टाळावेत. थंडीत चुना सावकाश वाळतो व घट्ट धरतो. मार्कंडा परिसरातील खोल्या महाशिवरात्रीच्या यात्रेपूर्वी तयार असाव्यात.

फेब्रुवारी-मार्च : छत पांढरे करावे व पश्चिमेची भिंत बाहेरून रंगवावी.

मे अखेर : कवेलू फेरणे, गळती बंद करणे, पाण्याचे चर काढणे.

गडचिरोली जिल्ह्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. हिवताप प्रतिबंधासाठी गावात घरांच्या भिंतींवर कीटकनाशकाची फवारणी होते. डास भिंतीवर बसल्यावर त्या थरामुळे मरतात. फवारणीनंतर भिंत सारवली किंवा रंगवली तर तो थर झाकला जातो आणि फवारणी वाया जाते. म्हणून आरोग्य सेवकांकडून फवारणीची तारीख विचारून घ्यावी, रंगकाम त्याआधी उरकावे आणि फवारणीनंतर दोन-तीन महिने भिंतीला हात लावू नये. येथे प्रश्न पाहुण्याच्या सोयीपुरता नाही, आपल्या मुलाबाळांच्या तब्येतीचाही आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

• रंगाचा पहिला पैसा छतावर व दुसरा पश्चिमेच्या बाहेरील भिंतीवर खर्च करावा.
• ओलीची तपासणी केल्याशिवाय रंग आणू नये.
• मातीच्या भिंतीला ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक पेंट कधीही लावू नये.
• आतून फिकट, बिनचकाकीचा रंग; छत पांढरे; खाली गेरूचा पट्टा.
• नमुना चार वेळा पाहूनच छटा पक्की करावी.
• पावसाळ्यात व हिवतापाच्या फवारणीनंतर लगेच रंगकाम करू नये.

महाग रंग म्हणजे चांगला रंग, असे नाही. जो रंग आपल्या हातांनी, आपल्या गावातील सामानाने दरवर्षी नवा करता येतो, तोच लहान व्यवसायाला परवडतो. या हंगामात सर्व खोल्या एकदम न रंगवता एकच खोली वरीलप्रमाणे करून पाहावी. पुढच्या मे महिन्यातील दुपारी आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात तिची तुलना दुसऱ्या खोलीशी करावी आणि मगच उरलेल्या खोल्यांचा निर्णय घ्यावा. नवे वाण सर्व बांध्यांत एकदम न लावता आधी एका बांधीत लावून पाहण्याची आपली रीतच येथेही उपयोगी पडेल.